कोंबडीला थंड पाणी

आज गुरांच्या डॉक्टरांनी माझ्या कोंबडीला कोमट पाण्यात बसवायला सांगितलं. "अंडं अडकलंय, ऊब द्या." ओल्या पिसांचा वास आला आणि मला पिंगुळीची आमची विहीर आठवली.

तेव्हा माझी तांबडी दिवसभर डालग्यात बसून राहायची, अंडं मात्र देत नव्हती. आई म्हणाली, "खुडूक झाली हा. थंड पाण्यात बुडव तिका." उबवायला बसण्याचा हट्ट मोडायचा आमच्याकडचा हाच उपाय. तीन दिवस मी तिला विहिरीच्या पाण्यात बुडवत राहिले, वर "हट्टी मेली" म्हणून शिव्याही घातल्या. ती कुंथत होती, ते मला कसं दिसलं नाही?

चौथ्या दिवशी तिने मान टाकली, तेव्हा आईने कोंबडी कापली. पोटातून निघालेलं अख्खं, कोमट अंडं तिने माझ्या हातावर ठेवलं.

"खुडूक नव्हती गो ती."