मूठभर सोडा

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तो ऐकेल, हसेल, "काय तू पण" म्हणेल — आणि मला ते हसण्यावारी जायला नकोय. म्हणून तुम्हाला सांगते.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. माहेर सानपाड्याला, मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. लग्न केलं ते बोनकोड्यातल्या आगरी घरात, माझ्याच पसंतीनं. आणि सासू मिळाली ती अशी, की शेजारच्या बायका निवट्या, बोंबील असले मासे करून घ्यायला तिच्या दारात यायच्या. सासूबाईंच्या हातची चव कुणाला जमायची नाही. मी त्यांना आईच म्हणते, आणि जीवही तसाच लावलाय त्यांनी.

आईंची एक पद्धत होती. मासे साफ झाले की विळी, पाट, पातेली — सगळं चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. तासाभरात वासाचं नाव नाही. असं का होतं, ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. माशाचा वास म्हणजे अमाइन, अमोनियाचं भावंड. नायट्रोजन असलेली आम्लारी. चिंचेतलं आम्ल तिला एक प्रोटॉन देतं, तिचं संयुग्मी आम्ल बनतं, आणि ते पाण्यातच राहतं. हवेत जात नाही, मग नाकाला कुठून कळणार? वर्गात मी आईंचंच उदाहरण द्यायचे, अगदी कौतुकानं. दिलेला प्रोटॉन परत काढून घेता येतो, हेही शिकवायचे.

तरी मला वास यायचाच. खरंच यायचा की मनातच होता, देव जाणे. आईंनी ते ओळखलं असावं. एकदा कांदा चिरता चिरता सरळ विचारलं, "तुना चालत नसंल त सांग पोरी, मी नाय करनार."

किती सोपं होतं सांगणं. आणि मी काय म्हणाले? "नाही हो आई, मला काही त्रास नाही." चांगली सून व्हायचं होतं ना मला.

त्याच रविवारी — आता सांगूनच टाकते — आई गच्चीवर वाळवण बघायला गेल्या, आणि मी त्या चिंचेच्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. जरा फसफसलं, बस्स. सोड्यानं प्रोटॉन काढून घेतला, अमाइन मोकळं झालं, आणि स्वयंपाकघर वासानं भरून गेलं. आई खाली आल्या, दारातच थबकल्या. मी वह्या तपासत असल्यासारखी बसले होते.

एकदाच केलं असतं तर निदान... पण नाही. चार रविवार केलं. पहिल्यांदा त्यांनी मासेवालीला बोल लावला, मग चिंचेला. चौथ्या रविवारी हात नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "माजाच हात बिगरला."

त्यानंतर त्यांनी मासे करणं सोडलं. शेजारणी आल्या की त्यांना परत पाठवायच्या, "आता नाय जमत" म्हणून. ज्या हाताचं अख्ख्या आळीला कौतुक, तो हात त्या पदरात लपवायला लागल्या. मी बघत होते. एक वाक्य पुरलं असतं.

आणि आता ऐका. वर्षं गेली, मीच मासे खायला लागले, करायलाही लागले. आई खुर्चीत बसून सांगतात, मी करते. चिंचेचं पाणीही तेच. वास येत नाही. आई शेजारणींना सांगतात, सुनेचा हात चांगला आहे. मी मान खाली घालून पाट घासते.

परवा खूप आग्रह करून मी त्यांच्याकडून दोन बोंबील साफ करून घेतले. त्यांनी हात धुतले, हुंगले, आणि लहान मुलासारखे माझ्यापुढे धरले. "बग, येतो का?"

मी ते दोन्ही हात नाकाशी धरले. चिंचेचा आंबट वास, बाकी काही नाही. "नाही येत, आई. अजिबात नाही."

त्या हसल्या. माझ्या गालावर हात फिरवला.

"खोटा बोलतंस पोरी. मना बरा वाटावा म्हनून."

मी मान खाली घालून पाट घासायला घेतला.