कबुतरखान्यातले शेकडो संत

बॉसला खूश करायला लोक केक आणतात, गोड गोड हसतात. मी काय केलं? अभ्यास! ऐका, चहा झाला गार तरी चालेल.

सिंगापुरात, हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात हेलन नावाच्या नव्या बॉस आल्या. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या. आणि योग बघा, त्यांच्याच गावचं मध्ययुगीन गोल चर्च मी आणि मंजिरी, म्हणजे माझी बायको, सुट्टीत बघून आलो होतो! बढतीची यादी निघायची होती. मी लगेच जाहीर केलं : शुक्रवारी लंच टाइममध्ये त्या चर्चवर माझं व्याख्यान!

टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये आठ दिवस तालीम. इथेच वाढलेली लेक इथल्याच ठेक्यात म्हणाली, "बाबा, सो बोअरिंग लाह!"

मंजिरी म्हणाली, "अरे, तिथे बाकं नव्हती, क्रूससुद्धा नव्हता. चर्चच होतं ना ते?"

"मध्ययुगात बाकं नसायची," मी म्हणालो. क्रूसाचं उत्तर विद्वानांनी द्यायचं नसतं.

शुक्रवारी सुरुवात झकास झाली. "जेरुसलेमला ख्रिस्ताच्या थडग्याभोवती गोल चर्च आहे. धर्मयुद्धांच्या काळात त्याची नक्कल युरोपभर झाली. मधे जाड खांबांचं कडं, वर कमानी." इथवर पुस्तक. पुढे माझे फोटो.

"खांब कुठायत?" शेजारच्या टेबलावरचा टॅन.

"फोटोत मावले नाहीत. पण हे कोनाडे बघा, शेकडो! प्रत्येकात एकेक संत."

"एवढ्याशा कोनाड्यात?"

"नम्र संत होते."

हेलनबाई डोळे पुसत होत्या. गाव आठवलं असणार! मला आणखी चेव आला. भिंतीवरच्या पांढऱ्या ओघळांवर बोट ठेवलं. "आणि हे, मित्रहो, शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांचं मेण! मी भक्तिभावाने हात लावून आलोय."

टाळ्या. हेलनबाई उठल्या.

"छान बोललात. त्या चर्चमध्ये माझं लग्न झालंय. खांब आहेत तिथे, आठ. पण हे ते चर्च नव्हे. हा त्याच्या मागचा जुना गोल कबुतरखाना, कोनाडे कबुतरांच्या घरट्यांसाठी."

मी घाईघाईने फोटो बंद केला.

"मग ते मेण?" टॅनने विचारलं. हा माणूस गप्प का बसत नाही?

"ते मेण नाही," हेलनबाई म्हणाल्या.

सोमवारी यादी लागली. माझं नाव होतं हो, अगदी पहिलं! ऑफिसच्या गच्चीवर कबुतरांचा फार त्रास होतोय, त्याच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचा प्रमुख : मी. खाली हेलनबाईंच्या हस्ताक्षरात एक ओळ : "कृपया हातमोजे वापरावेत."