पोस्टमनच्या कोटाचं बटण

सेहेचाळीस सालच्या, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत माझ्या दोन्ही भावांनी कुमसारला जायचं नाकारलं. धाकट्याला राग, की त्याचं पाप फार मोठं ठरवलं. थोरल्याला राग, की त्याचं पाप पापच ठरवलं नाही. कुमसार म्हणजे पाद्र्यांच्या कानात आपली पापं सांगायची आणि ते देतील ते प्रायश्चित्त मुकाट्यानं करायचं. आमच्या तारोडीत ज्याला दुसरं काही जमत नाही त्यालाही एवढं जमतं. या दोघा शहाण्यांना जमेना.

लढाईच्या दिवसांत आईनं नवस बोलला होता. दोन्ही मुलगे जिवंत घरी आले तर ईस्टरला त्यांना दोन बाजूंना घेऊन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकीन आणि प्रसाद घेईन. आता दोघे घरी होते, धडधाकट होते आणि कुमसारशिवाय प्रसाद मिळत नव्हता. आई म्हणाली, "ते न्हाय आले तं मी पन न्हाय घेनार." ईस्टरचा प्रसाद चुकवणं म्हणजे तिच्या लेखी नरकाची वाट. साठीला आलेली बाई मुलांच्या हट्टापायी त्या वाटेला निघाली होती आणि ते दोघे ओट्यावर बसून युद्ध कशाला म्हणायचं यावर भांडत होते. मी मधली, म्हणजे दोघांचंही ऐकून घ्यायला हक्काची.

मूळ भानगड बेचाळीसची. थोरला तेव्हा फौजेत फिटर होता, तोफा दुरुस्त करायचा. धाकटा मुंबईत एका छापखान्यात कामाला होता आणि तिथल्या सोबत्यांबरोबर सरकार उलथून टाकत होता. सरकार मुंबईत आणि दिल्लीत. यानं उलथायला निवडली ती आमच्या गावातली, दुकानाच्या भिंतीवरची टपालाची लाल पेटी. काचेच्या नळीत कसलंसं रसायन आणलं होतं, हवा लागली की पेट घेणारं. पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. मंगळवारी तो पेटी रिकामी करून पुढच्या पाड्यांत गेला आणि यानं पाठोपाठ नळी आत सोडली. नळीचं मेणाचं बूच उन्हानं वितळून रात्रीपर्यंत पेटी आपोआप पेटेल आणि शुक्रवारपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही, असा हिशेब.

आईनं त्याच दुपारी मला थोरल्याला पत्र लिहायला बसवलं. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळीची वाळकी पात वर्षभर आमच्या दारावर खोचलेली असते. तिचा तुकडा तिनं पत्रात घातला, लढाईत पोराला राखायला. पत्र पेटीत टाकलं आणि मग तिला चुटपुट लागली, की ते शुक्रवारपर्यंत पडून राहणार. परत येणाऱ्या पोस्टमनला तिनं वाटेत गाठलं आणि म्हणाली, दादा, पुन्हा एकदा उघड, माझ्या लेकाचं पत्र हाय. त्यानं हसून किल्ली लावली आणि आत उजवा हात घातला. खाली पडलेली नळी त्याच्याच हाताखाली फुटली.

त्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत राहिला. बाकीची बोटं भाजून एकमेकांना चिकटली, ती कायमची.

धाकटा पुढं सोबत्यांबरोबर धरला गेला आणि तुरुंगात गेला. साडेतीन वर्षं दोन मुलांची पत्रं आमच्या घरी येत राहिली, एकाची फौजेतून, एकाची तुरुंगातून. दोन्हींवर तपासनिसाचा शिक्का, दोन्हींत काही ओळी काळ्या केलेल्या. ती आणून देणारा पोस्टमन तोच. नवघरहून चालत यायचा, ओट्यावर बसून पाणी प्यायचा आणि डाव्या हातानं पत्र पुढं करायचा. नळी कुणी टाकली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्यालाही होतं. एका अक्षरानं बोलला नाही. धाकट्याची पत्रं मात्र तत्त्वांनी भरलेली. स्वातंत्र्य, त्याग, इतिहास. त्या हाताबद्दल साडेतीन वर्षांत एक ओळ नाही. मी वाचून दाखवायचे आणि संतापानं माझे कान तापायचे.

पोस्टमनला एकच गोष्ट जमत नसे. खाकी कोटाची बटणं सकाळी त्याची बायको लावून द्यायची. वाटेत उकाड्यानं त्यानं ती काढली, की परत लावता येत नसत, आणि उघड्या कोटानं पोस्टात गेलं की साहेब ओरडायचा. म्हणून आमच्या ओट्यावरून उठताना तो म्हणायचा, "बाय, बटन लाव गो." मी लावायचे. साडेतीन वर्षं.

दोघे घरी आले. आमचे पाद्री, ज्यांना सगळे फादर म्हणत, स्वतः घरी येऊन सांगून गेले, की धाकट्यानं आधी एका रविवारी सगळ्यांदेखत चर्चच्या दाराशी, चपलांजवळ, मिस्सा म्हणजे उपासना संपेपर्यंत गुडघे टेकायचे. मग कुमसार, मग प्रसाद. धाकटा भडकला. "सरकारच्या फौजेसाठी दर रविवारी परार्थना, आन मना चपलांत बसवतात? दादाच्या तोफेनं किती मेले ते कोनी इचारलं?"

थोरल्याला खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आपण होऊन सांगायचा प्रयत्न केला होता. इटलीत त्यानं एक तोफ दुरुस्त केली. दुरुस्ती नीट झाली का बघायला तिच्यातून गोळे सोडले, समोरच्या डोंगरावरच्या गावावर. शत्रू तिथं असल्याची खबर होती. दुसऱ्या दिवशी ते त्या गावातून गेले. रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती. याच्या गळ्यातला क्रूस बघून तिनं क्रुसाची खूण केली, डाव्या हातानं. उजवा मनगटापासून नव्हता. हे त्यानं कुमसारमध्ये सांगितलं, तर फादर म्हणाले, युद्धात हुकमानं केलेलं तुझ्या माथी नाही, नमो मरियाची प्रार्थना तीनदा म्हण. माफीचा मंत्र पुरा व्हायच्या आत तो उठून घरी आला. म्हणाला, "वाटेत कोनाला शिवी दिली तरी तीन नमो मरिया मिलतात."

मग रोजचं सुरू झालं. धाकटा म्हणायचा, गणवेश घातला की खून नाही, आणि माझ्यासारख्यानं केलं की दहशत. बाबा म्हणायचे, लढाई सांगून होते, तू चोरून केलंस. धाकटा म्हणायचा, मी काळजी घेतली होती, शुक्रवारपर्यंत पेटी कुणी उघडणार नव्हतं. थोरला म्हणायचा, आमच्याकडंही सगळे काळजी घ्यायचे. देवाचं नाव प्रत्येकाच्या तोंडी, आणि प्रत्येकाचा देव त्याच्याच बाजूचा. आई चुलीपाशी माळ ओढत बसलेली. मला वाटे, भाकरी थापता थापता परात उचलून दोघांच्या डोक्यात घालावी.

धाकट्याचा एक मुद्दा मला पटायचा, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. राजाचा हुकूम असला म्हणजे हात तुटायचा राहत नाही. पण आमच्या गावात ती पेटी उघडणारा माणूस एकच होता. याला तो माणूस ठाऊक होता, लहानपणी त्याच्या थैलीला लोंबकळला होता. सरकारशी लढलो म्हणणाऱ्यानं एवढं तरी कबूल करावं. आणि हा पठ्ठ्या मंगळवार-शुक्रवार आला, की मागच्या विहिरीवर पाणी शेंदायला जायचा. आमच्या घरात पाण्याची एवढी चैन कधी नव्हती.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी पोस्टमन आला, पाणी प्यायला, उठला आणि म्हणाला, "बाय, बटन लाव गो."

माझे हात पिठात नव्हते. मी ते परातीत घातले आणि ओरडले, "माझे हात पिठात हायत. विहिरीवर कोन हाय त्याला सांगा."

बराच वेळ कुणी आलं नाही. पोस्टमन तसाच उभा. शेवटी आई मागं गेली आणि धाकट्याला मनगटाला धरून घेऊन आली. तो समोर उभा राहिला. पहिलं बटण लावायलाच त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. तेव्हा पोस्टमनचा तो चिकटलेल्या बोटांचा हात अगदी त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"काका," तो म्हणाला, "मी..."

"मना म्हायती हाय," पोस्टमन म्हणाला. "वरचं पन लाव. साहेब बोंबलतो."

त्यानं वरचं लावलं. पोस्टमननं थैली खांद्यावर घेतली आणि तो नवघरच्या वाटेला लागला. धाकटा ओट्यावर बसून ढसाढसा रडला आणि त्या रविवारपर्यंत युद्धावर बोलायचं थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला आपण होऊन चर्चच्या दाराशी गुडघे टेकून बसला. फादरांनी रविवारची अट धरली नाही.

ईस्टरला थोरलाही आला. कुमसार पुरा केला, तीन नमो मरिया म्हटल्या, आईच्या उजव्या बाजूला गुडघे टेकले. आईचा नवस फिटला. घरी येताना तिचा चेहरा इतका सुखी होता, की मला वाटलं, चला, या घराच्या डोक्याचा ताप एकदाचा गेला.

थोरला माझ्याबरोबर मागून चालत होता. म्हणाला, "मी आयसाठी आलो. माजं काय फिटलं न्हाय."

"आता आनखी काय रं?" मी विचारलं.

"तो सुटला. त्याचा मानूस मंगळवारी दारात येतो. मी कोनाचं बटन लावू, सांग."

मी त्याच्यावर चिडले. आजच्या सणाच्या दिवशी तरी गप्प बस म्हणाले आणि आईला गाठायला पुढं निघून गेले. उत्तर नसलं की मी चिडते, आणि त्याला ते ठाऊक होतं.