सिनेमाच्या कॅसेटमधल्या काकू

"सगळ्या कॅसेटी बघितल्यास ना? मग आवाज कुठाय तिचा?"

देवधरकाका काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये माझं जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून देण्याचं दुकान आहे. काकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. काकांना त्यांचा आवाज हवा होता, बस्स.

चित्र भरपूर होतं. लग्नात काकू नाव घेताहेत. लाजतात, ओठ हलतात, आणि आवाज येतो थेट पार्श्वगायिकेचा! तेव्हाचे व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चिकटवायचे. डोहाळजेवण, बारसं, सगळीकडे तीच बाई गातेय.

"उखाणा काय होता, काका?"

"तेच तर आठवत नाही रे."

उरली एक कॅसेट. "ती टाकून दे, सिनेमा आहे," काका म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, "चोरीचा." किराणा दुकानातून भाड्याने आणलेल्या कॅसेटची कॉपी होईना, म्हणून काकांनी टीव्हीसमोर कॅमेरा लावून अख्खा सिनेमा शूट केला होता.

टाकून देतोय कसला! फुकटचा सिनेमा मी सोडत नाही. काका गेल्यावर हेडफोन चढवला. नायक आईच्या पायाशी कोसळला, आणि त्याच्या हुंदक्यावर कुणीतरी म्हणालं, "अहो, हा आता मरतो बघा."

कॅमेऱ्याने टीव्हीबरोबर अख्खी खोली टिपली होती. आमच्या धंद्यात याला बॅकग्राउंड नॉइज म्हणतात. तो आम्ही काढून टाकतो.

फोन केला. काका घरच्या चपलांवर ड्राइव्ह करत आले. मी स्पीकर लावला.

"अहो, हा आता मरतो बघा."

"शूऽऽ! रेकॉर्डिंग चालू आहे." हे तरुणपणीचे काका.

"पण हिने साडी कधी बदलली?"

"शूऽऽ!"

मी हसलो. काकाही हसले.

"अहो, चहा टाकू?"

"शूऽऽ म्हटलं ना!"

"टाक," काउंटरपलीकडून काका हळूच म्हणाले.

त्यानंतर काकू बोलल्या नाहीत. सिनेमा अजून निम्मा बाकी होता. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"माझं शूऽऽ तेवढं काढता येईल?"

मी खूप खटपट केली. पण ते काकूंच्या शब्दावरच बसलंय. ते काढलं की 'चहा' उरतो, 'टाकू' जातं. फाइल होती तशीच दिली.

हल्ली कुणी म्हणालं, "मागची बडबड तेवढी काढून टाका," तर मी आधी विचारतो, कुणाची?