बदली मामा

माझ्या साडूइतकं रागावून विनोदी मालिका बघणारा माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा सापडायचा नाही. लोक दिवसभराचा शीण घालवायला साडेआठला ती मालिका लावतात, साडू शीण चढवायला लावतात. दापोड्याच्या गोदामात दिवसभर आल्या-गेल्या गाड्या लिहून घरी यायचं, हातपाय धुवायचे, रिमोटवरचं प्लॅस्टिक नीट करायचं आणि नको असलेला पाहुणा येणार असल्यासारखं तोंड करून टीव्हीसमोर बसायचं. मालिकेत एक सोसायटी आहे, तिचा सेक्रेटरी मामा आहे, मामाची ठसकेबाज मामी आहे आणि रोज मामाच्या हातून काहीतरी घोळ होतो. बस, एवढंच. यावर घराघरांतून माणसं खिदळतात. साडू मात्र उत्तरपत्रिका तपासल्यासारखे बघतात. मी शाळेत मास्तर आहे, पण इतक्या खुनशीपणाने मीसुद्धा कधी पेपर तपासले नाहीत. "हा घोळ आधी झालाय सर," ते मला सांगतात. "तेव्हा टाकीत चप्पल पडली होती, आता मोबाईल पडलाय. पब्लिकला काय, हसतेच!"

पूर्वी असं नव्हतं. पहिला मामा होता तेव्हा साडू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. त्याचं चष्मा पुसणं, त्याचं 'अगं पण' म्हणून अडखळणं, सगळ्याची नक्कल करायचे. मग एका सोमवारी त्याच चष्म्यात आणि त्याच चौकडीच्या शर्टात दुसराच माणूस येऊन उभा राहिला आणि मामी त्याला 'अहो' म्हणाली. पहिला का गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे मामी झालेल्या बाईंशी पटेना, कोणी म्हणे सिनेमात गेला. पण त्या सोमवारपासून गावात दोन तट पडले. मामी नसती तर मालिका केव्हाच बंद पडली असती, असं म्हणणारा तिसरा तट बायकांचा. त्याच्या पुढारी माझ्या मेव्हणीबाई, म्हणजे साडूंच्या पत्नी. साडूंनी नव्या नटाला कधी मामा म्हटलं नाही. ते त्याला 'बदली' म्हणत. आमच्याकडे लूमवरचा कायमचा कामगार गावी गेला की त्याच्या जागी जो उभा करतात, तो बदली. कापड त्याच्या हातूनही निघतंच, पण त्याला कोणी नावाने हाक मारत नाही.

या बदलीपायी साडूंनी काय काय केलं! न्हाव्याने "सेठ, नया वाला भी मस्त है" म्हटल्याबरोबर ते अर्ध्या दाढीवर उठले आणि तसेच कामावर गेले. गोदामातले हमाल दिवसभर त्यांच्या चेहऱ्याची कुठली बाजू बघावी या पेचात होते. मेव्हणीच्या भाचीला बघायला मुलगा आला, त्याला यांनी शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही; विचारलं काय, तर "जुना की नवा?" तो बिचारा म्हणाला, मी टीव्ही बघत नाही, मोबाईलवर रील बघतो. साडूंनी पोह्यांची बशी त्याच्यापासून थोडी लांब सरकवली. लग्न झालं, ते यांना न जुमानता झालं.

घरातच मात्र त्यांचा एक मोठा विरोधक होता. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी आळी दादा म्हणते. वडिलांच्या घराचे मधून भिंत घालून दोन भाग केलेले. एकात साडू, दुसऱ्यात दादा. दादांची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन अंबाडीला. दादांना नवा मामा आवडायचा. "मेहनत घेतो रे पोरगा," ते म्हणायचे. "दुसऱ्याचे कपडे घालून उभं राहायचं म्हणजे सोपं नसतं." साडेआठला भिंतीच्या दोन्हीकडे तीच मालिका लागायची. दादांकडे केबल आणि साडूंकडे डिश, त्यामुळे मालिका दादांकडे एक क्षण आधी पोचायची. विनोद यायच्या आधीच भिंतीपलीकडून दादांचं गडगडाटी हसू यायचं आणि साडू तडकायचे, "हसला! आता मी काय बघू?" मेव्हणी म्हणायची, केबल घ्या. साडू म्हणायचे, त्याने डिश घ्यावी. असं बरीच वर्षं सुखाने चाललं होतं.

दादांचं हसू भिंतीतून यायचं याचं नवल वाटायचं कारण नाही. त्या आळीत आजूबाजूला सगळे लूम. त्यांच्या खडखडाटात वाढलेली माणसं बोलत नाहीत, ओरडतात. साखर कमी आहे हेसुद्धा भांडल्यासारखं सांगतात. आमचं घर लूमपासून लांब, म्हणून मला ते जाणवतं, त्यांना नाही. लूम चालू असताना त्या ओरडण्यातलं एक अक्षर शेजारी जात नाही, फार तर हसू जातं. शुक्रवारी लूम बंद असतात. आळी एकदम गप्प होते, पण माणसांचा आवाज काही खाली येत नाही. त्यामुळे शुक्रवारी कोणाच्या घरात काय शिजतंय आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय हे सगळ्यांना कळतं. जुनी माणसं म्हणून शुक्रवारी मुद्द्याचं काही बोलत नाहीत. साडू त्याच आळीत जन्मले, आणि एका शुक्रवारी विसरले.

मी त्यांच्याकडे बसलो होतो. मालिका चालू होती. नव्या मामाने काहीतरी बरं केलं आणि मी, माझीच हौस, म्हणालो की आता जमतंय हो त्याला. साडू खुर्चीतून अर्धे उठले. "काय जमतंय? जागेवर बसला म्हणून माणूस त्या जागेचा होत नाही, सर! आमच्याच घरात बघा ना. बाबा गेले, दादा त्यांच्या जागी नोकरीला लागला. त्यांच्या पाटावर बसला. माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या, लग्नात बाप म्हणून उभा राहिला. राहिला ना उभा? पण बाबांची सर आली का त्याला? दादा म्हणजे आमच्या घरातला बदलीच!"

मी हाताने खुणा करत होतो, मेव्हणीने पदर तोंडाला लावला होता. आणि पलीकडचा टीव्ही बंद झाला.

खरं सांगतो, त्यात दुष्टावा नव्हता. वाद जिंकायला उदाहरण हवं होतं, जवळचं सापडलं. पण मला हे समजून घेणंसुद्धा आता नकोसं झालंय. दादा नोकरीला लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटलं नव्हतं. त्यांना काय व्हायचं होतं हे कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सगळा जन्म दुसऱ्याच्या शर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला, ज्याच्यासाठी उभा राहिला त्यानेच ओरडून सांगितलं की तो शर्ट तुला कधी बसलाच नाही. त्याला कारण काय, तर एक टीव्हीवरचा नट!

आणि साडूंनी जाऊन पाय धरले? छे! पहिले काही दिवस "खोटं काय बोललो?" मग एका शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून नव्या मामाची स्तुती सुरू केली. "वा! काय काम करतोय! पहिल्याला नसतं जमलं हो!" मेव्हणी म्हणाली, "आता कशाला घसा फोडताय? दार तिकडे आहे." पुढच्या आठवड्यात दादा मुलीकडे अंबाडीला निघून गेले. गुडघे दुखतात, तिकडे जिना चढायला लागत नाही, म्हणाले. जिना इथेही नव्हता. किल्ली मेव्हणीच्या हातात दिली आणि तुळशीला पाणी घालायला सांगितलं.

दिवाळीनंतर मीच साडूंना ओढून अंबाडीला नेलं. दादांच्या विहीणबाई म्हाताऱ्या, अगत्याच्या. "बसा जरा, च्या घेतल्याबिगर न्हाय जायाचा," म्हणाल्या. दादा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. साडू चहाच्या कपात बघत होते. वाटेत मी त्यांच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली होती, त्यातलं एकही बाहेर आलं नाही. दिवे लागले, आत टीव्हीवर त्या मालिकेचं संगीत सुरू झालं, आणि साडू एकदम म्हणाले, "दादा, मामा चांगलं काम करतो रे हल्ली."

मामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या माणसाला माफी याहून जास्त मागता येत नव्हती, आणि दादांना ते कळलं असणार. त्यांनी धाकट्यासाठी एक शेंग फोडली, दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"नाही रे," ते शांतपणे म्हणाले. "तुझंच बरोबर होतं. पहिलाच चांगला होता."

आणि पुन्हा शेंगा निवडायला लागले. परतीच्या वाटेवर साडूंनी ते दाणे तसेच मुठीत धरले होते. मला त्यांचा फार राग आला होता.

दादा परत येणार नाहीत हे आता सगळ्यांनी धरून चाललंय. परवाच्या शुक्रवारी मी सहज गेलो. लूम बंद, आळी गप्प. साडेआठला पाच मिनिटं असताना साडू उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि बाहेर गेले. मला वाटलं, तुळशीला पाणी घालायला. थोड्या वेळाने येऊन खुर्चीत बसले, टीव्ही लावला. मामा आला, चष्मा पुसला, 'अगं पण' म्हणून अडखळला. विनोद अजून यायचा होता आणि भिंतीपलीकडून हसू आलं. दादांच्या बंद खोलीतल्या टीव्हीतलं, मालिकेत भरतात ते हसू.

मेव्हणी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "रोज लावून येतात. केबल चालू ठेवलीय."

"श्श्," साडू म्हणाले. "ऐकू द्या जरा."