नदीच्या अलीकडे

नवऱ्याच्या छातीत स्टेंट बसवला तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. आखातातल्या दम्मामच्या डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली आणि रोज चालायला सांगितलं. मे महिन्यात इथे बाहेर चालणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं, म्हणून लोक सकाळी लवकर मॉलमध्ये चालतात. दुकानं बंद असतात, पण चालणाऱ्यांसाठी एक दार उघडं ठेवलेलं असतं. मुलगी शाळेच्या बसमध्ये बसली की आम्ही दोघं निघायचो.

नुसतं चालणं त्याला कुठलं जमायला! तिसऱ्याच दिवशी त्याने मुलीचा भारताचा नकाशा जेवणाच्या टेबलामागे लावला आणि पुण्यावर लाल टाचणी खोचली. विसाव्या वर्षी ज्याच्या हाती कारभार आला आणि एकही लढाई न हरता ज्याने मराठी राज्य नर्मदेपलीकडे नेलं, त्या सेनापतीचा तो शाळेपासूनचा भक्त. आता त्याच्याच स्वारीच्या वाटेने जायचं, मॉलची एक फेरी म्हणजे एक कोस, असा त्याचा बेत. मी म्हटलं, "आधी कोलेस्टेरॉल जिंक, मग दिल्ली." दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पापा, ये अंकल कौन है?" तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम हिंदीत नाहीतर इंग्रजीत.

सुरुवातीला मजा आली. चालता चालता तो मला सेनापतीचं चरित्र सांगायचा. बरोबर जड सामान नाही, तंबूंचा पसारा नाही, भूक लागली तर घोड्यावरच कणसं तळहातावर चोळून दाणे तोंडात टाकायचे. मला तेव्हाच त्याच्या बायकोमुलांची दया आली होती. जुलैपर्यंत आम्ही माळवा ओलांडला. नवऱ्याचं वजन उतरलं, डॉक्टर खूश झाले.

मग त्याच्या बोलण्यातून सेनापती हळूहळू गायब झाला. "काल आम्ही बारा कोस मारले," असं तो म्हणू लागला. घरी उभ्यानेच जेवायचा. एकदा बंद शटरांच्या रांगेत, काळे पायघोळ अबाया घातलेल्या पुतळ्यांसमोर तो एकदम थबकला आणि म्हणाला, "जरा थांब. मागचे येऊ देत." मागे कुणी नव्हतं. तरी मीही थांबले. इतके दिवस जो टपटप आवाज मी साफसफाईच्या मशीनचा समजत होते, तोही आमच्याबरोबर थांबला. आम्ही निघालो, तसा तोही निघाला. मी मागे वळून पाहिलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

सप्टेंबरात टाचणी दिल्लीहून वळली आणि खाली नर्मदेकडे येऊ लागली. पुढचं मला माहीत होतं. नदीकाठच्या छावणीत सेनापतीला ताप भरला आणि तो तिथेच गेला. चाळिशीही पुरती गाठली नव्हती. माझ्या नवऱ्याला नोव्हेंबरात चाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

"दुसरा कुणीतरी निवड," मी म्हटलं. "म्हातारा होऊन मेलेला."

"अगं, मी चालतोय. मरत नाहीये."

त्याला हसायला काय जातंय! माझा आणि मुलीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नावावर. तो गेला तर घर, शाळा, सगळं खलास. रडायलासुद्धा इथे फार दिवस राहता येणार नाही. मी घाबरले होते. म्हणून तो ऑफिसला गेला की मी टाचणी उपटायची आणि बोटभर मागे, विंध्याच्या वर खोचायची. दुसऱ्या दिवशी तो ती पुढे सरकवायचा, मी पुन्हा मागे घ्यायची. असे दहाबारा दिवस गेले. एवढा हिशेबी माणूस, पण त्याने एकदाही विचारलं नाही.

त्यातच एका गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला. मुलगी तापाने फणफणली होती. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, उतरेल. पण ताप उतरेना. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि त्यातूनही वेळ काढून टाचणी मागे नेत होते.

सोमवारी तो दुपारीच घरी आला. मी नकाशापाशी उभी होते, टाचणी बोटांत.

"राहू दे ती आता," तो शांतपणे म्हणाला. "तू मागे नेतेस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझी मोजणी घड्याळात आहे. नदी मी केव्हाच ओलांडली. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

"केव्हा?"

"गुरुवारी सकाळी. शेवटची फेरी तुला बाकावर बसवून एकट्याने मारली, आठवतं? आणि बघ, मला काहीसुद्धा झालं नाही."

तो हसत होता. गुरुवारी सकाळी त्याने नदी ओलांडली आणि दुपारी शाळेतून फोन आला. चार दिवस मी भलत्याच माणसाची राखण करत होते.

मी टाचणी टेबलावर टाकली. आत गेले. पडदे ओढलेले होते, एसी बंद होता. मुलीचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ सुकले होते. मी तिचा हात हातात घेतला, तर तो चटका बसावा इतका गरम. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, स्वच्छ मराठीत, जशी ती आमच्याशी कधीच बोलली नव्हती:

"आई, पाणी किती खोल आहे?"

दारात तिचा बाप उभा होता. त्याचं हसू मावळलं होतं.

"गुडघाभरच आहे गं," मी म्हटलं. "माझा हात धर. आपल्याला परत अलीकडे यायचंय."

तिला दरदरून घाम फुटेपर्यंत मी तो हात सोडला नाही.