बुडालेल्या गावाचं आवतन

भाच्याच्या रिसेप्शनची तयारी एका सिंहासनापासून सुरू झाली. पुण्याहून त्याने फोटो पाठवला आणि विचारलं, "मामाजी, कसं वाटते?" सोनेरी रंग, हात टेकायला दोन सिंह. मी लिहिलं, बसण्यापेक्षा राज्याभिषेकाला बरं पडेल. त्याला ती पसंती वाटली. लग्न मुलीकडे वर्ध्याला होतं आणि रिसेप्शन आमच्याकडे, पवनी रस्त्यावरच्या एका लॉनवर.

त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या जावईबापूंना, सिंहांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना आपलं जुनं गाव एकदा एका ठिकाणी जेवायला बसलेलं पाहायचं होतं. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं तीन वसाहतींत विखुरली. वसाहतींना सरकारी नावं आहेत, पण लोक 'पुनर्वसन' एवढंच म्हणतात. तेव्हापासून सगळे भेटायचे ते मयतीला, आणि मयतीहून जो तो आंघोळीच्या घाईने घरी पळतो. मुलगा एकुलता. जावईबापूंना दुसरी संधी नव्हती.

भाच्याने आमंत्रण मोबाईलवर पाठवलं. त्यात गणपती डोलत होता आणि सनई वाजत होती. गावच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. ते हात मोजून त्याने केटरिंगवाल्याला आकडाही कळवला.

"यातलं कोनी येत नाई," जावईबापू म्हणाले.

"मंग हात काहून जोडले, बाबा?"

"गनपती दिसला म्हनून. आवतन कुठं भेटलं त्याईले?"

आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. त्यांच्या गावात ते घरच्या माणसाने दारात जाऊन, कपाळाला कुंकू लावून द्यायचं आणि स्पष्ट सांगायचं, घरटी एक की चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे यजमानाकडे. न सांगता सगळं घर घेऊन येणारा हावरा ठरतो. म्हणून सांगितलं नाही, तर शहाणी माणसं घरीच जेवतात. डोलणाऱ्या गणपतीने याबाबत काहीच खुलासा केला नव्हता.

तेव्हा जावईबापूंना घेऊन माझी गाडी निघाली. दुकान मुलांच्या हाती दिल्यापासून मी अशा कामांना मोकळाच असतो. माझा हिशेब सरळ होता, एक वसाहत आटपायची आणि दुसरीकडे वळायचं. पण आवतन जुन्या गावातल्या घरांच्या क्रमाने फिरतं. मारुतीच्या देवळाजवळचं घर पहिलं, तिथून गल्लीगल्लीने नदीकाठच्या मासेमार ढिवरांच्या घरांपर्यंत. नव्या जागी प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले होते. ज्यांची भिंत एक होती, त्यांच्यामध्ये आता दोन गावं आणि एक कालवा होता. आम्ही एका वसाहतीत एक कपाळ गाठायचो, दुसरीत दोन, की पुन्हा पहिलीकडे.

"जवाईबापू, नकाशा पाह्यला तर आपण नुसत्या चकरा मारून राहिलो."

"नकाशात आमचं गाव हाये का, भाऊ?"

मी गियर बदलला.

मला वाटत होतं हा हट्ट त्यांचा एकट्याचा. पण एका दारात म्हातारीने कपाळ पुढे करण्याआधी विचारलं, "माह्या अल्याडच्या घरी जाऊन आला ना बाबू?" आलो म्हटल्यावर तिने कुंकू लावून घेतलं. मग म्हणाली, "तुहा बाप अल्याडच्या घरून निघाला का खोकलत ये. मी तवाच पदर सारखा करू. आता गाडी येते. गाडीच्या आवाजावरून काय समजते कोन आलं?"

"चूलबंद हाय, काकू," जावईबापू म्हणाले. सुनेने आतून सांगितलं की आपल्याकडे गॅस आहे. म्हातारीने तिकडे लक्ष दिलं नाही.

रिसेप्शनच्या संध्याकाळी टेम्पो येऊ लागले आणि माणसं फाटकाशीच थांबली. मांडवात पहिलं पाऊल देवळाजवळच्या घराचंच पडायचं, आणि त्यांचा टेम्पो मागे राहिला होता. आत सिंहासनापुढे पाकिटवाल्यांची रांग होती, डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. बाहेर रस्त्याकडेला लोक एकमेकांचे पडलेले दात आणि नव्या सुना पाहत होते. केटरिंगवाला दोनदा येऊन गेला. "पुऱ्या थंड्या होऊन राहिल्या, साहेब." फोटोसाठी भाच्याचा निरोपही दोनदा आला.

"थांब म्हना," जावईबापू म्हणाले आणि पुन्हा गर्दीत शिरले.

शेवटी तो टेम्पो आला. मंडळी आत गेली, ताटं वाढून घेतली आणि उभ्याने जेवायच्या टेबलांकडे ढुंकूनही न पाहता हिरवळीवर ओळीने बसली. कोणाला जागा दाखवावी लागली नाही. वाढप्यांना कमरेत वाकावं लागलं, त्याची त्यांना सवय नव्हती. जावईबापू कडेला बसले, ताट समोर घेऊन. मी त्यांच्या शेजारी. ते फार जेवले नाहीत. एकेका ओळीवरून नजर फिरवत राहिले.

पुढे अल्बम आला. बहिणीने तो दोनदा चाळला आणि माझ्यासमोरच नवऱ्यापुढे आपटला.

"अख्ख्या अल्बममधी नवरदेवाचा बाप नाई. सोयरे म्हनतीन, रुसून बसला होता का?"

"जेवाले बसला होता म्हन," ते म्हणाले.